पंतप्रधान बोलले खरे, पण नियम कधीपासून?

१५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सांगितलं, की जीएसटीत मोठी सुधारणा होणार आहे आणि ती दिवाळीपर्यंत होईल. दुचाकी घ्यायच्या बेतात असलेल्या पुणेकराचा जीव त्या दिवशी टांगणीला लागला. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. गणपतीत गाडी दारात आणायची असं घरात ठरलेलं, शोरूममध्ये बुकिंग झालेलं, आणि आता नवा वाद: घ्यायची की थांबायचं? कुठल्या वस्तूवरचा कर किती टक्के होणार, हे भाषणात नव्हतं. कुठल्या तारखेपासून, हेही नव्हतं. शोरूमवाल्याला विचारलं तर तो म्हणणार, "काका, आम्हीपण टीव्हीवरच ऐकलं."

पुढे काय झालं ते तारखांनीच पाहू. जीएसटीचे दर सुचवण्याचा अधिकार घटनेच्या कलम २७९अ नुसार जीएसटी परिषदेकडे आहे. या परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश मतं लागतात. म्हणजे केंद्राला एकट्याच्या जोरावर दर बदलता येत नाही आणि राज्यांना केंद्राला वगळून बदलता येत नाही. परिषदेची ५६ वी बैठक ३ सप्टेंबरला झाली. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के करायचं ठरलं, लागू २२ सप्टेंबरपासून. त्या दिवशी घटस्थापना होती. केंद्राची अधिसूचना निघाली १७ सप्टेंबरला. २१ तारखेला संध्याकाळी ५ वाजता पंतप्रधान पुन्हा देशाशी बोलले, ते उद्यापासून नवे दर लागू होताहेत हे सांगायला.

करापूर्वी एक लाख किंमत असलेल्या गाडीवर गणपतीत २८ हजार कर बसला आणि घटस्थापनेला १८ हजार. थांबलेला शहाणा ठरला म्हणायचं का? थांबा. साडेतीनशे सीसीच्या वरच्या गाड्यांचा कर आधी उपकर धरून ३१ टक्के होता, तो ४० झाला. बुलेट ३५० चं इंजिन ३४९ सीसीचं म्हणून ती खालच्या दरात बसली. त्याच कंपनीची साडेसहाशे सीसीची गाडी घ्यायला जो 'स्वस्त होईल' म्हणून थांबला, त्याला ती महाग पडली. भाषण एकच ऐकलं होतं दोघांनी.

सरकारच्या प्रमुखाचं बोलणं ऐकताना आपली गडबड होते ती इथेच. पहिल्या भाषणानं इरादा सांगितला, दुसऱ्यानं झालेला निर्णय सांगितला. नियम या दोन्ही भाषणांनी केला नाही. तो परिषदेत ठरला, राजपत्रात छापला गेला आणि त्यात लिहिलेल्या तारखेला लागू झाला.

हा फरक वकिली काथ्याकूट वाटेल. ज्यांच्या खिशाला त्याची झळ बसली त्यांना तो तसा वाटत नाही, आणि त्यासाठी ८ नोव्हेंबर २०१६ कडे नीट पाहायला हवं.

त्या रात्री ८ वाजता पंतप्रधानांनी पाचशे आणि हजारच्या नोटा मध्यरात्रीपासून चलनातून बाद होत असल्याचं जाहीर केलं. तेवढं सगळ्यांना पाठ आहे. कायद्याच्या दृष्टीनं नोटा बाद केल्या त्या अर्थ मंत्रालयाच्या त्याच तारखेच्या अधिसूचनेनं, रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६(२) खाली. भाषणात आणखी एक वाक्य होतं, जे त्या गदारोळात फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. ज्यांना काही कारणानं ३० डिसेंबरपर्यंत जुन्या नोटा बँकेत भरता येणार नाहीत, त्यांना ३१ मार्च २०१७ पर्यंत रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांत प्रतिज्ञापत्र देऊन त्या भरता येतील, असं ते वाक्य.

आता ३० डिसेंबरला काय झालं पाहा. सरकारनं त्या दिवशी अध्यादेश काढला आणि त्यात ही पुढची मुदत फक्त अशा लोकांपुरती ठेवली, जे ९ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर या काळात भारताबाहेर होते. बाकीच्यांसाठी दार बंद. आजीच्या लुगड्याच्या घडीत जानेवारीत नोटा सापडल्या, आजारपणात बँकेत जाता आलं नाही, अशी माणसं भाषणातल्या शब्दावर विसंबून रिझर्व्ह बँकेच्या दारात गेली आणि परत फिरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २ जानेवारी २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं चार विरुद्ध एक मतानं नोटाबंदीची प्रक्रिया वैध ठरवली, आणि मुदत उलटल्यावर नोटा स्वीकारण्याचा स्वतंत्र अधिकार रिझर्व्ह बँकेला नाही, हेही सांगितलं. न्यायमूर्ती नागरत्ना यांचं मत वेगळं पडलं. केंद्राला नोटा बाद करायच्या होत्या तर त्यासाठी कायदा हवा होता, नुसती अधिसूचना पुरेशी नव्हती, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या मते या विषयावरचा सगळ्यात महागडा धडा हाच आहे. देशाच्या सर्वोच्च निर्वाचित माणसानं, देशाच्या सगळ्या वाहिन्यांवर, सोप्या भाषेत सांगितलेली मुदत, आणि तरी खिडकीवरचा माणूस अध्यादेश दाखवतो. त्याचं चुकत नाही. त्याच्यावर बंधन अध्यादेशाचं असतं.

२०२० च्या मार्चमध्ये उलट झालं. तिथे कागद भाषणापेक्षा उदार होता. २४ मार्चच्या रात्री ८ वाजता एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यातच सापडले होते आणि राज्यभर संचारबंदी आदल्याच दिवशी, २३ तारखेला लागली होती, त्यामुळे पुण्याला बंद नवा नव्हता. तरीही घराबाहेर पडायचंच नाही एवढं ऐकून लोक पिशव्या घेऊन किराणा दुकानांकडे धावले. गृह मंत्रालयाच्या त्याच दिवसाच्या आदेशात, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली निघालेल्या, किराणा, दूध, भाजी, औषधं यांना स्पष्ट सूट होती. घाबरून खरेदी करू नका, असं पंतप्रधानांनाही भाषणानंतर समाजमाध्यमांवर सांगावं लागलं. आदेशाची पानं भाषणाबरोबरच लोकांच्या हातात असती तर ती संध्याकाळ वेगळी गेली असती.

तिसरं उदाहरण कृषी कायद्यांचं. १९ नोव्हेंबर २०२१ ला, गुरुनानक जयंतीच्या सकाळी, पंतप्रधानांनी तिन्ही कायदे मागे घेत असल्याचं जाहीर केलं. वाहिन्यांवर लगेच पट्ट्या फिरल्या, 'कायदे रद्द'. रद्द झालेले नव्हते. संसदेनं केलेला कायदा पंतप्रधानांच्या घोषणेनं जात नाही, त्याला संसदच लागते. विधेयक दोन्ही सभागृहांत २९ नोव्हेंबरला मंजूर झालं, राष्ट्रपतींची संमती ३० ला मिळाली. आंदोलक घोषणेनंतर लगेच घरी गेले नाहीत याचं पुष्कळांना नवल वाटलं होतं. मला वाटतं, शेतकऱ्याला खरेदीखत आणि तोंडी व्यवहार यातला फरक शहरी माणसापेक्षा जास्त कळतो.

राज्याच्या प्रमुखालाही हेच लागू. २९ जून २०२२ च्या रात्री उद्धव ठाकरे यांनी फेसबुक लाइव्हवर मुख्यमंत्रिपद सोडत असल्याचं सांगितलं. सगळ्या महाराष्ट्रानं ते मोबाइलवर पाहिलं. पण त्यानंतर त्यांना राजभवनावर जाऊन राज्यपालांच्या हाती राजीनामा द्यावाच लागला. पुढे ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पुन्हा पदावर बसवण्याबद्दल जे म्हटलं त्याचा रोख या राजीनाम्यावर होता: त्यांनी बहुमत चाचणीला सामोरं न जाता स्वतःहून राजीनामा दिला, म्हणून त्यांना पुन्हा पदावर बसवता येत नाही.

आता दुसरा गुंता. माणूस एक, टोप्या तीन. आणि हे समजायला पुणं फार सोयीचं आहे.

१ ऑगस्ट २०२३ ला पंतप्रधान पुण्यात आले. सकाळी एसपी कॉलेजच्या मैदानावर त्यांना टिळक स्मारक मंदिर ट्रस्टचा लोकमान्य टिळक पुरस्कार मिळाला. हा एका खाजगी ट्रस्टचा कार्यक्रम. व्यासपीठावर शरद पवारही होते, त्यावरून राजकारण भरपूर झालं. त्यानंतर शिवाजीनगरच्या पोलीस मैदानावर मेट्रोच्या पुढच्या टप्प्यांचं उद्घाटन. हा सरकारी कार्यक्रम. आणि २९ एप्रिल २०२४ ला रेसकोर्सवर लोकसभेची प्रचारसभा, म्हणजे पक्षाचा कार्यक्रम. चेहरा तोच, आवाज तोच, सुरक्षेचा ताफाही तोच, कारण सुरक्षा पदाला असते आणि ती प्रचारातही सुटत नाही. त्याचमुळे प्रचाराला सरकारी वाहन वापरायची जी बंदी बाकीच्या मंत्र्यांना असते, तिच्यातून पंतप्रधानांना सूट आहे. प्रचाराला हवाई दलाचं विमान वापरलं तर त्याचे पैसे मात्र पक्षानं भरायचे.

तिन्हीपैकी कुठलं भाषण 'सरकारचं म्हणणं' मानायचं? एक साधी खूण आहे. पत्र सूचना कार्यालय, म्हणजे पीआयबी, सरकारी कार्यक्रमातलं भाषण आपल्या संकेतस्थळावर देतं. प्रचारसभेतलं भाषण तिथे मिळत नाही. ते पक्षाकडे किंवा नेत्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळतं. प्रचारसभेत 'आम्ही हे देऊ' असं म्हटलं तर ते आश्वासन असतं. मेट्रोच्या व्यासपीठावर 'सरकारनं मंजुरी दिली' म्हटलं, तर तुम्ही मंजुरीचा कागद मागू शकता, आणि तो असायला हवा.

पावसानं एकदा ही गंमत आणखी उघड केली. २६ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या भुयारी मेट्रोचं उद्घाटन व्हायचं होतं, मुसळधार पावसामुळे पंतप्रधानांचा दौरा रद्द झाला. मार्ग तयार होता तरी गाडी सुरू झाली नाही. २९ तारखेला दिल्लीहून दूरदृश्य प्रणालीनं उद्घाटन झालं आणि मग स्वारगेटला जाणारे जमिनीखाली उतरले. कायद्यानं मेट्रो सुरू करायला मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांचं प्रमाणपत्र लागतं. फीत कापायला पंतप्रधान लागतात असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

टोप्यांचा हा घोळ इंटरनेटवर जास्त दाट होतो. पंतप्रधान कार्यालयाचं ट्विटर खातं मनमोहन सिंग यांच्या काळात, २०१२ मध्ये सुरू झालं. मे २०१४ मध्ये सरकार बदललं तेव्हा जाणाऱ्या चमूनं त्या खात्याचं नाव बदलून ते 'अर्काइव्ह' म्हणून ठेवलं, आणि त्यावरून चांगलीच जुंपली. जमवलेले लाखो अनुयायी कार्यालयाचे की त्या काळातल्या पंतप्रधानांचे? शेवटी कार्यालयाचं मूळ नाव नव्या कार्यालयाकडे आलं. आज पंतप्रधानांचं वैयक्तिक खातं वेगळं आहे आणि कार्यालयाचं वेगळं. तसंच सरकारी संकेतस्थळ वेगळं, त्यावर मराठी आवृत्तीही आहे, आणि त्यांच्या नावाचं वैयक्तिक संकेतस्थळ व ॲप वेगळं. पदावरचा माणूस बदलेल तेव्हा कार्यालयाचं आणि सरकारी ते पुढच्याकडे जाईल, वैयक्तिक ते त्यांच्याजवळ राहील. एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

आता 'मन की बात'. याबद्दल दोन्ही बाजूंनी इतकं बोललं जातं, की तो कार्यक्रम नेमका आहे काय हे बाजूलाच राहतं.

पहिला भाग ३ ऑक्टोबर २०१४ ला, दसऱ्याला झाला. पुढे महिन्याचा शेवटचा रविवार आणि सकाळी ११ ही वेळ पक्की झाली. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा पाहुणे होते. ३० एप्रिल २०२३ ला शंभरावा भाग झाला. लोकांकडून विषय आणि सूचना मागवल्या जातात: मायगव्ह या सरकारी मंचावर, नमो ॲपवर, आणि १८००-११-७८०० या निःशुल्क क्रमांकावर आवाज नोंदवून. यातलं मायगव्ह सरकारी, नमो ॲप सरकारी नाही. सरकारी प्रसारकाच्या कार्यक्रमासाठी सूचना बिगरसरकारी ॲपवरून का घ्यायच्या, हा प्रश्न मला आजही पडतो.

हिंदी प्रसारण संपलं की लगेच प्रादेशिक भाषांतले अनुवाद लागतात आणि रात्री ८ वाजता त्यांचं पुनःप्रसारण होतं. पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ चं. ज्या घरात अजून रेडिओ स्वयंपाकघराच्या फळीवर आहे, तिथे सकाळचं हिंदी निसटलं तर संध्याकाळचं मराठी सापडतं. लेखी मजकूर हवा असेल तर पीआयबीवर मराठीतही मिळतो. वाद झाला तर मात्र मूळ हिंदी ऐकावं. भाषणांच्या अनुवादावर पीआयबी पुष्कळदा स्वतःच 'ढोबळ अनुवाद' असा शेरा मारतं, आणि तो प्रामाणिकपणा आहे.

हे आकाशवाणीनं का लावायचं? आकाशवाणी आणि दूरदर्शन १९९७ पासून प्रसार भारती या महामंडळाखाली आहेत, ज्याचा कायदा १९९० मध्येच झाला होता. कायद्याचा हेतू प्रसारणाला सरकारी खात्यापासून अंतर देण्याचा. प्रत्यक्षात पैसा मोठ्या प्रमाणावर केंद्राकडून येतो, त्यामुळे ते अंतर किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण रेडिओवरून बोलणं हा काही आजचा शोध नाही. ३० जानेवारी १९४८ च्या रात्री गांधीजींच्या हत्येची बातमी देशाला सांगताना नेहरू आकाशवाणीवरूनच बोलले. १९ जुलै १९६९ ला बँकांच्या राष्ट्रीयीकरणाबद्दल इंदिरा गांधी रेडिओवर बोलल्या, आणि २६ जून १९७५ च्या सकाळी आणीबाणीची घोषणाही त्यांनी तिथूनच ऐकवली. त्या दोन्ही वेळीसुद्धा मागे कागद होता: बँकांसाठी अध्यादेश, आणीबाणीसाठी कलम ३५२ खाली राष्ट्रपतींची उद्घोषणा. नवं आहे ते नियमित मासिक बैठकीचं रूप. संकट नसतानाही दर महिन्याला घरात येणं.

निवडणुकीत या कार्यक्रमाचं काय होतं? आचारसंहितेचा सत्ताधारी पक्षाबद्दलचा भाग म्हणतो, की सरकारी प्रसारमाध्यमांचा उपयोग पक्षाला फायदा होईल अशा प्रचारासाठी कटाक्षानं टाळावा. लोकसभेच्या २०१९ आणि २०२४ च्या दोन्ही निवडणुकांत फेब्रुवारीच्या भागानंतर कार्यक्रम थांबवला गेला आणि जूनच्या शेवटच्या रविवारी पुन्हा सुरू झाला. विधानसभांच्या निवडणुका मात्र कुठे ना कुठे सतत चालू असतात, त्यांच्यासाठी तो थांबत नाही. मार्च २०१९ मध्ये तर वेगळाच पेच आला. आचारसंहिता लागू असताना, २७ तारखेला, उपग्रह पाडणाऱ्या क्षेपणास्त्राची चाचणी यशस्वी झाल्याचं पंतप्रधानांनी राष्ट्राला उद्देशून सांगितलं. तक्रारी झाल्या. निवडणूक आयोगानं समिती नेमली आणि सरकारी माध्यमांच्या गैरवापराचं कलम इथे लागत नाही, असा निर्णय दिला. निर्णय पटो न पटो, हे प्रश्न विचारायची जागा निवडणूक आयोग आहे, प्रसार भारती नव्हे.

किती लोक ऐकतात यावर आकड्यांची लढाई आहे. शंभराव्या भागाच्या वेळी रोहतकच्या आयआयएमनं प्रसार भारतीसाठी केलेलं सर्वेक्षण जाहीर झालं: २३ कोटी नियमित श्रोते, आणि एकदा तरी ऐकलेले १०० कोटी. नमुना सुमारे दहा हजार लोकांचा होता. त्याच्या काही महिने आधीच्या, लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या माध्यमविषयक अहवालात पाचांपैकी तीन जणांनी कार्यक्रम कधीच ऐकला नसल्याचं सांगितलं होतं. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असणं अवघड आहे. असा आकडा दिसला की सर्वेक्षण कुणी करवून घेतलं आणि प्रश्न कसा विचारला, हे दोन पाहावेत. 'पंतप्रधानांच्या या कार्यक्रमाबद्दल तुम्हाला माहीत आहे का' आणि 'गेल्या महिन्याचा भाग ऐकलात का' या दोन प्रश्नांची उत्तरं एक येत नाहीत.

एक गोष्ट मात्र वादापलीकडची. हे प्रसारण एकाच दिशेनं जातं. सूचना मागवल्या जातात, उलटप्रश्न नाही. मनमोहन सिंग यांची पंतप्रधान म्हणून शेवटची पत्रकार परिषद ३ जानेवारी २०१४ ला झाली. १७ मे २०१९ ला मोदी भाजपच्या पत्रकार परिषदेत बसले, पण प्रश्नांची उत्तरं अमित शहांनी दिली. पत्रकारांचा प्रश्न टळला तरी खासदारांचा टळत नाही, निदान कागदावर. पंतप्रधानांकडे थेट असलेल्या खात्यांबद्दल, म्हणजे कार्मिक व लोकतक्रार, अणुऊर्जा, अवकाश वगैरे, लोकसभेत प्रश्नोत्तराच्या तासाला प्रश्न येतात. उत्तर बहुतेक वेळा राज्यमंत्री देतात. 'मन की बात'मधून आकाशवाणी-दूरदर्शनला २०१४ पासून ३०.८० कोटी रुपये मिळाले, ही माहिती जुलै २०२१ मध्ये बाहेर आली ती राज्यसभेतल्या एका प्रश्नामुळेच.

राहिलं ते पंतप्रधान कार्यालय. या नावाचा दरारा असा, की ते सगळ्या खात्यांच्या वरचं खातं आहे असा समज होतो. राज्यघटनेत त्याचा उल्लेखही नाही. सरकारच्या कामकाज वाटपाच्या १९६१ च्या नियमांत त्याचं काम एका ओळीत संपतं: पंतप्रधानांना सचिवालयीन साहाय्य करणं. १९७७ पर्यंत त्याचं नावही पंतप्रधान सचिवालय होतं, मोरारजी देसाईंनी ते कार्यालय केलं. मग त्याची ताकद येते कुठून? पंतप्रधानांकडून. शास्त्रींच्या काळात एल. के. झा, इंदिरा गांधींच्या काळात पी. एन. हक्सर, वाजपेयींच्या काळात ब्रजेश मिश्र, जे प्रधान सचिव होते आणि देशाचे पहिले राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारही. या अधिकाऱ्यांचं वजन कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. पंतप्रधान जितकं त्यांचं ऐकतील तितकं.

म्हणून बाणेरच्या खड्ड्यासाठी थेट पीएमओला, म्हणजे या कार्यालयाला लिहिलं, तर काय होतं ते समजून घेतलेलं बरं. टपालानं पाठवा की संकेतस्थळावरून, तक्रार केंद्राच्या सीपीग्राम्स या ऑनलाइन तक्रार प्रणालीत नोंदली जाते. पीएमओचा लोकसंपर्क विभाग ती वाचतो आणि विषय ज्याचा त्याच्याकडे पाठवतो. रस्ता महापालिकेचा, महापालिका राज्याच्या कायद्याखाली, म्हणून अर्ज दिल्लीहून मुंबईला आणि मुंबईहून पुन्हा शिवाजीनगरला, महापालिका भवनात. शेवटी खड्डा पाहायला येणारा कनिष्ठ अभियंता तोच, जो महापालिकेच्या पीएमसी केअरवर तक्रार केली असती तरी आला असता. त्यावर दिल्लीचा शेरा असतो एवढंच. तो कधीकधी उपयोगी पडतो, हे नाकारत नाही. पण भविष्य निर्वाह निधी, पासपोर्ट, टपाल, रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँक अशा केंद्राच्याच विषयाला सीपीग्राम्स जास्त कामाचं आहे. न्यायालयात असलेलं प्रकरण, घरगुती भांडण, सरकारी नोकराची सेवाविषयक तक्रार तिथे घेतली जात नाही.

माहिती हवी असेल तर वाट वेगळी: माहितीचा अधिकार. पीएमओलाही जनमाहिती अधिकारी आहे, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे वर्ग करणं कायद्यानं बंधनकारक आहे. मंत्रिमंडळाचे कागद कलम ८ मुळे निर्णय पूर्ण होईपर्यंत मिळत नाहीत. पीएम केअर्स निधीबद्दल विचारलं तर तो 'सार्वजनिक प्राधिकरण' नाही, असं उत्तर मिळतं. मार्च २०२० मध्ये पंतप्रधानांनी स्वतः आवाहन केलेल्या, त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या निधीबद्दल हे उत्तर यावं, हे मला खटकतं. प्रश्न विचारताना 'का' विचारू नका; कागदाची प्रत मागा. 'अमुक तारखेच्या घोषणेनुसार काढलेल्या आदेशाची प्रत द्या' अशी मागणी केली, की एकतर प्रत येते किंवा असा आदेश उपलब्ध नाही असं लेखी येतं. दुसरं उत्तर पुष्कळदा पहिल्यापेक्षा बोलकं असतं.

तक्रारीचं म्हणाल, तर ऑगस्ट २०२४ पासून ती निकाली काढायची मुदत २१ दिवस आहे. तेवढ्यात मोबाइलवर 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली' असा संदेश येतो. पुष्कळ जण तिथे सोडून देतात. उत्तर असमाधानकारक वाटलं तर प्रतिसादात तसा शेरा नोंदवा, मग अपिलाचा पर्याय उघडतो. त्यासाठी ३० दिवस असतात, आणि अपील पहिल्या उत्तर देणाऱ्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे जातं.